घराचा जमाखर्च

धान्याचा व्यापारी गोदामात माल भरतो, तेव्हा खरेदीच्या भावात हमाली, तोलाई, बारदाना, गोदामभाडे, व्याज व घट मिळवून माल कितीला पडला याचा हिशेब मांडतो. परंतु तोच व्यापारी घर विकत घेताना केवळ सौद्याची रक्कम ध्यानात धरतो, हे नवल होय.

उदाहरणादाखल 40 लाखांचे घर घ्या. दरमहा 9,000 रुपये भाडे धरले तर वर्षास 1,08,000 रुपये होतात. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे राहते. ते 9,000 गेले. पालिकेचा कर, रंगसफेदी, नळ व गळती यांचे 15,000 धरावेत. उरले 84,000, म्हणजे शेकडा दोनच्या किंचित वर. यात मुद्रांकशुल्क व रजिस्ट्रीचा खर्च अद्याप धरलेलाच नाही. आयकरात पालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्याच्या 30 टक्के रकमेची सरसकट सूट मिळते, एवढाच दिलासा. जागेचा भाव वाढेल, असे कोणी म्हणेल. वाढेलही, तथापि गहू निकडीच्या वेळी दुपारपर्यंत विकता येतो, घर विकता येत नाही. स्वतः राहावयाच्या घरास हा हिशेब लागू नाही. तेथे वाचलेले भाडे आणि कुटुंबाचे स्वास्थ्य हीच जमा होय.

भाडेकरू ठेवताना लेखी करार करावा. 1961 साली मध्यप्रदेशात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, त्याखाली मालकाच्या केवळ इच्छेने जागा खाली होत नाही. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे आवश्यक असते. तोंडी शब्दावर बाजार चालतो, घर चालत नाही.

तटाबाहेर नव्या वसाहतीत भूखंड घेणाऱ्यांनी डायव्हर्शनचे कागद आणि नगर व ग्राम निवेश कार्यालयाने मंजूर केलेला नकाशा आधी पाहावा. शेतजमिनीवर चुन्याच्या रेघा मारून भूखंड विकणाऱ्याकडे स्वस्ताईखेरीज दाखविण्यासारखे काही नसते. पुढे रस्ता, नाली व बांधकामाची परवानगी यांसाठी खेटे घालणे खरेदीदाराच्याच नशिबी येते.

आपल्यापुढील खरा प्रश्न मात्र शनवाऱ्याच्या आतील जुन्या घरांचा आहे. लाकडी खांब, मातीच्या जुडाईच्या भिंती, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, आणि कागदावर आजोबांचे नाव! वाळवी लागली तरी तुळई कोणी बदलीत नाही, कारण खर्च एकाने करावा आणि हिस्सा चौघांनी घ्यावा, हे कोणासच रुचत नाही. एक भाऊ इंदुरास, दुसरा जळगावास; येथे राहणारा दर पावसाळ्यात कौले शाकारून घेतो व मनात कुढतो. घर पडते ते पावसाने नव्हे, या अबोल्याने.

अशा घरास हात लावण्यापूर्वी वारसांची पूर्ण यादी करावी, आणि तीत लेकींची नावे अवश्य असावीत. हिंदू उत्तराधिकार कायदा आपणां जैनांसही लागू आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क उरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली विक्री वा नोंदणीकृत वाटणी अबाधित आहे. लग्नात दिले-घेतले म्हणून बहिणीचा हक्क फिटला, ही समजूत आता सोडून द्यावी. तिची सही नसलेले खरेदीखत जाणता खरेदीदार घेणार नाही.

वडीलधारी मंडळी हयात असतानाच सर्वांनी एकत्र बसून, घर राखावयाचे की विकावयाचे हे ठरवावे. राखावयाचे असेल तर जो दुरुस्ती करील त्याचा खर्च वहीत त्याच्या नावे जमा धरावा आणि त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. वाटणी ठरल्यास वाटणीपत्राची रजिस्ट्री करून नगर पालिक निगमात नामांतरणाचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. दिवाळीपर्यंत थांबू नये.