पाण्यावरून उडणारे लढाऊ विमान

विमान जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण पाण्यावरून उडणारे, आणि तेही आवाजापेक्षा वेगाने जाणारे लढाऊ विमान कधी ऐकले आहे का? असे विमान अमेरिकेत खरोखर झाले. त्याचे नाव ‘सी डार्ट’, म्हणजे समुद्री बाण. दिसायलाही ते बाणाच्या टोकासारखे तिकोनी होते.

ते का बनवले, ते आधी बघू. काही जहाजांची पाठ मैदानासारखी सपाट असते. तिच्यावर विमाने उतरतात. अशा जहाजाला विमानवाहू जहाज म्हणतात. पुढे जेट विमाने आली. त्यांचा वेग फार. उतरतानाही ती जोरात येणार, आणि जहाजाची पाठ तर आखूड! अमेरिकेच्या नौदलाला काळजी पडली. मग 1948 साली विचार निघाला, की एवढा समुद्र पसरला आहे, त्याचीच धावपट्टी का करू नये?

हे काम सॅन डिएगो शहरातल्या कॉन्व्हेअर कंपनीने घेतले.

तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी आडवी फेकली, की ती बुडत नाही. टप्पे घेत पुढे जाते. लहानपणी हा खेळ कोण खेळला नाही? सी डार्टची युक्ती तीच. उभे असताना विमान होडीसारखे पोटावर तरंगे. निघताना पोटाखालून लांब फळ्या बाहेर येत. वेग वाढला, की विमान त्या फळ्यांवर उचलले जाई आणि पाण्यावरून घसरत पळे. उडाले, की फळ्या पोटात मिटायच्या. इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवा घेण्याची तोंडे पंखांच्या वर ठेवली होती.

14 जानेवारी 1953 ला तर गंमतच झाली. चालक सॅम शॅनन विमान नुसते पाण्यावर पळवून बघत होते. उडायचा बेत नव्हता. पण विमान आपणहून उचलले गेले आणि सुमारे 300 मीटर जाऊन पुन्हा पाण्यावर टेकले! ठरवून केलेले पहिले उड्डाण 9 एप्रिलला झाले.

पण खरे दुखणे पाण्यातच होते. पाणी हाताला मऊ लागते. मात्र जोरात आपटले, तर दगडासारखे लागते. लाटांवर फळ्या आपटत आणि सगळे विमान थडथडे. फळ्या पुन्हा पुन्हा बदलल्या. दोनऐवजी एकच फळी लावली, तेव्हा जरा बरे झाले. शिवाय इंजिनांचा जोरही कमी पडला.

तरीही 3 ऑगस्ट 1954 ला चार्ल्स रिचबर्ग यांनी विमान थोडे खाली झुकवून आवाजाचा वेग ओलांडला. पाण्यावर उतरणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही विमानाला हे साधलेले नाही.

पुढे तीनच महिन्यांनी, 4 नोव्हेंबरला, नौदलाचे अधिकारी आणि पत्रकार बघत असताना तेच विमान हवेत फुटले. सोसवेल त्यापेक्षा जास्त ताण त्याच्या अंगावर आला होता. रिचबर्ग गेले.

तोवर तिकडे विमानवाहू जहाजेच सुधारली होती. इंग्रजांनी जहाजावरची धावपट्टी तिरपी करण्याची आणि वाफेच्या जोराने विमान पुढे फेकण्याची युक्ती काढली. वेगवान जेट आता जहाजावरच उतरू लागले. मग पाण्यावरच्या विमानाची गरज कोणाला? 1957 साली हे काम कायमचे थांबले. सरकारी दप्तर मात्र कसे असते बघा! 1962 साली लष्करी विमानांना नवी नावे दिली, तेव्हा या बंद पडलेल्या विमानालाही ‘एफ-7’ हे नाव मिळाले.

रद्द झालेले विमान बहुतेक वेळा मोडीत जाते. सी डार्ट एकूण पाचच बनली होती. शेवटची दोन तर कधी उडालीच नाहीत. पण जे आकाशात फुटले तेवढे सोडून बाकीची चारही जपून ठेवली आहेत. पहिले स्मिथसोनियन या मोठ्या संस्थेकडे आहे. न उडालेली दोन पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा राज्यांत आहेत. जपणे सोपे नाही. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही, पण खाऱ्या हवेने तेही खाल्ले जाते आणि त्यावर पांढरी भुकटी धरते.

तिसरे विमान सॅन डिएगोतच राहिले. तिथल्या विमान-संग्रहालयाच्या दाराशी ते उघड्यावर उभे आहे. ज्या खाडीवरून ते उडे, ती तिथून जवळच आहे.