गोळाभातावरचं गरम तेल

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी)त जे जेवण घरी सणावारी किंवा शेतातल्या स्वयंपाकात होतं, त्याच जेवणासाठी नागपुरातली मंडळी आता चांगल्या हॉटेलात टेबल राखून ठेवतात. ‘विष्णूजी की रसोई’ हे त्यातलं ठळक नाव. ते चालवणारे विष्णू मनोहर यांनी एप्रिल २०१७ मध्ये नागपुरात सलग ५३ तास स्वयंपाक केला होता. वऱ्हाडी पदार्थांना समारंभाच्या पंगतीबाहेर मान मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

अशा ठिकाणांची खरी परीक्षा गोळाभाताला होते. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, हळद, मीठ, तेलाचं मोहन घालून गोळे वळायचे आणि भात अर्धा शिजला की त्यावर ठेवून वाफवायचे. पानात गोळा कुस्करला की वरून मोहरी-हिंग-लाल मिरचीचं कडकडीत तेल. ते चुरचुरलं पाहिजे! बुफेत कोमट तेलाची वाटी ठेवली, की जाणता वैदर्भीय तिथेच नाराज होतो, आणि ते रास्तच आहे.

रोडग्यांचं तर आणखी अवघड. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली कणीक, फोडून त्यात तूप, सोबत वांग्याची भाजी. गॅसच्या ओव्हनमध्ये तो धुरकट वास येत नाही.

हॉटेलच्या सजावटीसाठी कंदील, बैलगाडी, पितळी भांडी यांवर खर्च करणाऱ्यांनी आधी चूल पेटवावी. जादा पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार आहे. वाढणारा गरम फोडणी घेऊन पानापर्यंत यावा, एवढीच त्याची अपेक्षा असते.