सांडपाण्याचे संमतिपत्र आणि वैशाखातील नदी

कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडावयाचे तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. ही संमती म्हणजे ते पाणी शुद्ध असल्याचा दाखला, असा पुष्कळांचा समज असतो. पण तो खरा नव्हे. नदीवर किती भार टाकता येईल, याची ती लेखी मर्यादा होय. ही मर्यादा आखणारा अधिकारी एका अर्थी नदीचा आणि काठच्या लोकांचा मुखत्यारच असतो.

या कामी महाराष्ट्राने 1969 साली स्वतःचा कायदा केला. पाणी हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील. म्हणून राज्यांनी तसे ठराव केल्यानंतर संसदेने 1974 साली जलप्रदूषणाचा कायदा संमत केला. तो आरंभीच लागू झालेल्या बारा राज्यांत गुजरात, कर्नाटक व मध्य प्रदेश ही होती.

अर्ज आला की अधिकारी प्रथम विचारतो : पाणी किती वापरणार, किती सोडणार, कोठे सोडणार? मग जागेची पाहणी होते आणि सांडपाण्याचे परिमाण, त्यातील घटक, तपमान, सोडण्याचे ठिकाण व संमतीची मुदत ठरते.

घटकांत एक माप मोठ्या महत्त्वाचे आहे. सांडपाण्यातील कुजणारी द्रव्ये फस्त करताना सूक्ष्म जंतू पाण्यातील प्राणवायू ओढून घेतात. 27 अंश सेल्सिअस तपमानात तीन दिवसांत असा किती प्राणवायू खर्च होतो, ते प्रयोगशाळेत मोजतात. नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे 30 मिलिग्रॅमची आहे. स्नानयोग्य नदीत मात्र हे माप 3 च्या वर जाऊ नये, असा दंडक आहे.

येथेच खरी मेख आहे. समजा, एक कारखाना दररोज 10 लक्ष लिटर पाणी बरोबर 30 च्या मापाने सोडतो. आषाढात नदीतून दिवसाला 100 कोटी लिटर पाणी वाहत असेल व तिचे स्वतःचे माप 2 असेल, तर मिश्रणात फरक जाणवतही नाही. वैशाखात त्याच नदीचा प्रवाह 10 लक्ष लिटरवर आला, की मिश्रणाचे माप 16 होते. कारखान्याने नियम मोडलेला नसतो, तरी मासे गुदमरतात व खालच्या गावचा घाट ओस पडतो. म्हणून जाणता अधिकारी पुरातील नदी पाहून नव्हे, तर उन्हाळ्यातील क्षीण धार पाहून अटी घालतो.

दुसरी सावधगिरी हिशेबाची. 60 च्या मापाच्या सांडपाण्यात तितकेच स्वच्छ पाणी ओतले, की आकडा 30 वर येतो. घाण मात्र रतिभरही कमी होत नाही. म्हणून केवळ तीव्रता पाहून भागत नाही, एकूण परिमाणही बांधून द्यावे लागते.

या कामात दिरंगाई व ढिलाई दोन्ही महाग पडतात. 1974 च्या कायद्याने परिपूर्ण अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही, तर संमती विनाअट मिळाली असे धरले जाते. नमुना घेण्याचीही रीत ठरलेली आहे. कारखानदाराला सूचना द्यावी, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करावेत आणि त्यांवर दोघांनी सह्या कराव्यात. ही रीत चुकली, की प्रयोगशाळेचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही.

नागरिकाच्या हातीही एक साधन आहे. घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवावी आणि त्या सांडपाण्याची झळ पोचणाऱ्या कोणालाही ती योग्य वेळी पाहू द्यावी, असे हाच कायदा सांगतो. शिवाय अटींचा वेळोवेळी फेरविचार करण्याची मुभा मंडळास आहे. काठच्या गावाने ती वही उघडून पाहिली आणि वैशाखातील नदीची स्थिती मंडळापुढे मांडली, तर कागदावरील मर्यादा प्रत्यक्ष प्रवाहाशी जुळविता येईल.