न्हाणीघरातील पांढऱ्या डागांवर स्वयंपाकघरातलाच उतारा
शहाबादी फरशीला मात्र लिंबू, व्हिनेगर वर्ज्य

सोलापूर (प्रतिनिधी) : नवे घर घेताना हौसेने बसविलेली न्हाणीघरातील काच सहा महिन्यांत धुरकट होते, चकचकीत टाइल्सवर पांढरट ओघळ उमटतात आणि नळाच्या तोंडाशी खडूसारखा थर साचतो. कितीही घासले तरी डाग जात नाहीत, अशी गृहिणींची तक्रार असते. मग बाजारातील महागडे द्रव येतात किंवा कोणीतरी सुचविलेले जहाल ॲसिड. वास्तविक या डागांचे मूळ पाण्यात आहे आणि त्यावरचा उपाय बहुतेक घरांच्या स्वयंपाकघरात असतो. मात्र तो कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये, हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

डाग येतात कोठून?

सोलापूरला उजनी धरण, टाकळी येथील भीमा नदीचे पात्र आणि हिप्परग्याचा तलाव येथून पाणी मिळते. तथापि नळाला रोज पाणी न येण्याची वर्षानुवर्षे सवय झालेल्या या शहरात अनेक सोसायट्यांनी कूपनलिकांचा आधार घेतला आहे. पिण्यासाठी नळाचे आणि वापरासाठी बोअरचे, अशी विभागणी अनेक घरांत आढळते. आपल्याकडील काळ्या पाषाणातून व चुनखडीच्या खड्यांनी भरलेल्या मातीतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. यालाच आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो.

काचेवरचा थेंब वाळला की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हाच तो पांढरा ठिपका. पाणी तापविले की हे क्षार अधिक वेगाने बाहेर पडतात. त्यामुळे गिझरच्या कांडीवर आणि गरम पाण्याच्या नळावर थर लवकर चढतो. साबणाशी या क्षारांचा संयोग झाला की चिकट साका तयार होतो व तो टाइल्सवर बसतो. म्हणजे न्हाणीघरात डाग दोन प्रकारचे असतात, एक क्षारांचा आणि दुसरा साबणाचा. दोघांवरचा उतारा वेगळा आहे.

क्षारांना आंबट, साबणाला सोडा

क्षारांचा थर आम्लात विरघळतो. पांढरे व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन फवारणीच्या बाटलीत भरावे. व्हिनेगर नसेल तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, दोन-तीन चमचे लिटरभर कोमट पाण्यात विरघळवावे. हे द्रावण काचेवर फवारून वर ओला कपडा पंधरा मिनिटे चिकटवून ठेवावा. उभ्या काचेवरून द्रावण ओघळून जाते, म्हणून कपडा महत्त्वाचा. नंतर मऊ कपड्याने चोळून साध्या पाण्याने पुसावे. जुना थर एका वेळेत निघत नाही. दोन-तीन वेळा हीच कृती करावी. नळासाठी पिळलेल्या लिंबाची साल पुरेशी आहे. ती चोळून पाच-दहा मिनिटांत नळ धुवून टाकावा, अन्यथा वरचा मुलामा खराब होतो.

साबणाच्या साक्यासाठी खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून त्याचा लेप टाइल्सवर लावावा, मऊ ब्रशने घासावा आणि पुसून घ्यावा. सोडा व व्हिनेगर एकत्र करण्याची पद्धत लोकप्रिय असली तरी फारशी उपयोगाची नाही. फेस भरपूर येतो, पण दोघे एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात आणि उरते ते जवळजवळ साधे खारट पाणी. दोन्ही वापरायचेच असतील तर एक धुवून झाल्यावर दुसरे वापरावे. रांगोळीची भुकटी, राख किंवा तारेची घासणी काचेला लावू नये; बारीक ओरखडे पडतात आणि पुढचे डाग त्यातच घट्ट बसतात.

दगड ओळखा

सोलापूरच्या जुन्या वाड्यांत व चाळींत आजही शहाबादी फरशी आहे. शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे सारे चुन्याच्या जातीचे दगड. जे आम्ल पांढरा डाग विरघळविते, तेच या दगडालाही खाते. फरशी निस्तेज व खरखरीत होते आणि ती झीज भरून येत नाही. शंका असल्यास कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा. बारीक बुडबुडे आले किंवा डाग पडला तर आंबट पदार्थ तेथे वापरू नयेत. अशा फरशीला रिठ्याचे पाणी उत्तम. रिठ्याचा फेस साबणाप्रमाणे जड पाण्यात साका धरत नाही. टाइल्समधील सिमेंटच्या फटींनाही आम्ल सोसत नाही. त्या आधी पाण्याने भिजवाव्यात व नंतर लगेच धुवाव्यात.

हे मात्र नको

व्हिनेगर, लिंबू किंवा कोणतेही ॲसिड ब्लीचिंग पावडरबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. खोकला किंवा डोळ्यांची आग सुरू झाल्यास तत्काळ मोकळ्या हवेत यावे. त्रास न थांबल्यास डॉक्टरांना गाठावे. फरशी धुण्याचे जहाल ॲसिड घरात आणणेच टाळावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंद ठेवणे व ग्राहकाने ओळखपत्र दाखविणे तेव्हापासून बंधनकारक आहे. एवढी खबरदारी ज्या पदार्थासाठी घ्यावी लागते, तो मुलाबाळांच्या घरात कशाला?

सर्वांत स्वस्त उपाय

थेंब वाळलाच नाही तर डाग पडत नाही. स्नान झाल्यावर काच व टाइल्सवरून रबरी वायपर फिरवावा आणि जुन्या टॉवेलने कोरडे करावे. टॉवेलांसाठी देशभर नावाजलेल्या या शहरात जुन्या टॉवेलची वानवा कोणत्याच घरात नसावी. न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवल्यास ओल लवकर सुकते व कोपऱ्यातील बुरशीही कमी होते. या कामाला मिनिटभर लागते आणि पाणी अजिबात लागत नाही. पिंप भरून ठेवणाऱ्या सोलापूरकरांना ही बचत अधिक मोलाची वाटेल.