चूल कुठली, रेघ कुठे

रोल प्लेमध्ये मुलगा झालेला विद्यार्थी मान खाली घालून बसला होता. नववीतला मुलगा, दोन महिने शाळेत गेलेला नाही. शेजारी आई, बाबा आणि आजी, सगळे वर्गातलेच. समुपदेशक झालेल्या मुलीने सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि मग बाबांकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही त्याला जरा समजून घ्यायला हवं." मागून सुपरव्हायझर मॅडमचा आवाज आला, "थांब. आता तू कोणाच्या बाजूची झालीस?"

मुंबईतल्या समुपदेशनाच्या एम.ए.चा हा वर्ग पाहायला मी परवानगी काढून बसत होते. सल्ला देणं हा आपल्याकडे जन्मसिद्ध हक्क. तो सोडायला शिकवणारा अभ्यासक्रम कसा असतो याचं मला कुतूहल होतं. त्या एका वाक्याने बाबा खोलीत एकटे पडले होते, आणि "काका" म्हणून ती स्वतः मुलाच्या पिढीत जाऊन बसली होती. मॅडमनी तोच प्रसंग पुन्हा करायला लावला. या वेळी तिने आजीला विचारलं, "बाबांचा आवाज चढला की आधी कोण उठून जातं?" आजी झालेली मुलगी क्षणभर अडली. "सूनबाई जाते स्वयंपाकघरात. मग हा तिच्या मागे." मुलगा झालेल्या विद्यार्थ्याने तेवढ्यात मान वर केली. शाळा, अभ्यास, मोबाइल यांचं नावही न काढता घरातली ये-जा समोर आली होती.

दोघांमधलं नातं तिसऱ्याला विचारायचं, ही पद्धत इटलीतल्या मिलानची. मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या लेखात ती मांडली. त्यांच्यातले दोघे कुटुंबासोबत बसत आणि दोघे एकतर्फी आरशामागून पाहत. पुढे १९८५मध्ये नॉर्वेत टॉम अँडरसन यांनी आरशामागच्यांना कुटुंबासमोरच बोलायला लावलं. या वर्गात आरसाच नाही. निरीक्षक भिंतीला टेकून वही घेऊन बसतात. अँडरसनना ते आवडलं असतं.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते जिनोग्रामने. किमान तीन पिढ्यांचा नकाशा: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वारलेल्यावर फुली, भांडणाला नागमोडी रेघ. या विचाराचं मूळ मरे बोवेन यांच्याकडे जातं. १९५०च्या दशकात अमेरिकेत त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसोबत त्यांची कुटुंबंही रुग्णालयात राहायला आणली होती. नकाशात एकत्र राहणाऱ्यांभोवती एक रेघ ओढायची असते, आणि ती कुठून न्यायची यावर वर्गात वाद पेटला. छप्पर एक, पण धाकट्या दिराची चूल वेगळी. वडील मुंबईत खोलीवर, बाकी घर रत्नागिरीकडे, गणपतीला सगळे एका ताटात. मॅडमनी उत्तर दिलं नाही. "क्लायंटच्या हातात पेन्सिल द्या," एवढंच म्हणाल्या. ती रेघ क्लायंट कुठे अडखळत ओढतो, हेच पाहायचं असतं.

पण क्लायंटच्या आधी विद्यार्थ्यांना स्वतःच्या घराचा जिनोग्राम काढावा लागतो. वर्ग एरवी गडबडीचा, त्या दिवशी मात्र खोडरबरं फार चालली. एकीला आजोबांच्या पहिल्या बायकोचं नावच ठाऊक नव्हतं. तिने घरी फोन लावला तर आईने विषय बदलला. आपल्या घरात काय बोलायचं नसतं हे ज्याला दिसलेलं नाही, तो दुसऱ्याच्या घरातही नेमका तोच विषय टाळतो. हा भाग मला पुस्तकी अभ्यासाहून मोलाचा वाटला, आणि त्रासदायकही.

खरा घाम गाळावा लागतो तो व्हर्बेटिममध्ये. क्लायंटच्या संमतीने सत्राचं ध्वनिमुद्रण करायचं, मग एकेक वाक्य उतरवून काढायचं: तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, तेव्हा माझ्या मनात काय होतं. तिसरा रकाना बहुतेकांचा कोरा येतो. मॅडम लाल पेनने तिथेच गोल करतात. एका मुलाने नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगणाऱ्या बाईला मध्येच मुलांच्या शिक्षणाचं विचारलं होतं. "तेव्हा तुला काय झालं?" या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "ऐकवेना." मॅडमनी तो एक शब्द तिसऱ्या रकान्यात लिहायला सांगितला. पुढचा सगळा तास त्यावर आणि त्या बाईच्या सुरक्षिततेवर गेला: आज रात्री ती कुठे झोपणार, तिच्याकडे कोणाचा नंबर आहे, हे आधी विचारायला हवं होतं. हिंसा असेल तिथे दोघांना समोरासमोर बसवून चर्चेची घाई करायची नाही, हेही तिथेच ठरलं.

हे शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ नेमका विकत मिळत नाही. कौटुंबिक न्यायालयांच्या १९८४च्या कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. पण २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या सापडते, समुपदेशकाची नाही. त्यामुळे चार शनिवार-रविवारचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणाराही समुपदेशकच. तेव्हा घरातलं दुखणं घेऊन कोणाकडे जाल, तर पदवीसोबत एवढं जरूर विचारा: तुमच्या केसेस तुम्ही कोणाला दाखवता? चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही.