जर-तरची विमाने

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून विमानाची छोटी प्रतिकृती जोडण्याचे संच अनेक देशांत मिळतात. डब्यात धड, पंख, शेपूट, चाके असे भाग असतात आणि सोबत जोडणीचा तक्ता असतो. तक्त्याप्रमाणे भाग चिकटवले की खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती तयार होते. काही हौशी मंडळी मात्र हा तक्ता मुद्दाम बाजूला ठेवतात. एका संचातील धड, दुसऱ्यातील पंख आणि तिसऱ्यातील इंजिने घेऊन ती असे विमान तयार करतात की जे प्रत्यक्षात कधीच नव्हते, परंतु परिस्थिती थोडी वेगळी असती तर असू शकले असते. इंग्रजीत अशा प्रतिकृतींना 'व्हॉट-इफ' म्हणतात. आपण त्यांना 'जर-तरची विमाने' म्हणू या.

शिक्षकांच्या दृष्टीने या छंदाचे मोल वेगळेच आहे. यातील 'जर' आपल्या मर्जीने निवडता येतो. 'तर' मात्र निसर्गाचे नियम ठरवतात. हे दोन्ही जुळवताना विद्यार्थ्याला गुणोत्तर, क्षेत्रफळ, घनफळ, आघूर्ण आणि गुरुत्वमध्य यांचा खराखुरा उपयोग करावा लागतो.

मापाचा हिशेब

वेगवेगळ्या संचांतील भाग एकत्र करायचे तर सर्वांचे माप एकच हवे. विमानांच्या प्रतिकृतींसाठी १:७२ हे माप फार प्रचलित आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणून या मापावर सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. शिरूर ते दौंड हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. १:७२ मापाच्या जगात ते अवघे ६२५ मीटर होईल, म्हणजे शाळेपासून आठ-दहा मिनिटांची चाल.

आता एक खरे विमान घेऊ. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेल्या एचएफ-२४ 'मरुत' या लढाऊ विमानाची लांबी १५.८७ मीटर, पंखांचा विस्तार ९ मीटर आणि पंखांचे क्षेत्रफळ २८ चौरस मीटर होते. १:७२ मापावर लांबी २२ सेंटिमीटर आणि विस्तार साडेबारा सेंटिमीटर होतो. क्षेत्रफळ मात्र ७२ च्या वर्गाने, म्हणजे ५,१८४ पटींनी कमी होऊन सुमारे ५४ चौरस सेंटिमीटर उरते. वजन घनफळाप्रमाणे, म्हणजे ७२ च्या घनाने, ३,७३,२४८ पटींनी घटते. उड्डाणाच्या वेळी सुमारे ९,००० किलोग्रॅम भरणारे मरुत या हिशेबाने केवळ २४ ग्रॅमचे होते!

खऱ्या विमानात पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३२० किलोग्रॅम भार येतो. प्रतिकृतीत तोच भार चौरस मीटरला साडेचार किलोग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे ७२ पटींनी कमी. म्हणूनच पुठ्ठ्याचे हलके विमान संथपणे तरंगू शकते आणि खऱ्या विमानाला मात्र लांब धावपट्टीवर वेग घ्यावा लागतो.

उलाळ गाडी आणि उलाळ विमान

एक भाग बदलला की बाकीचे भाग का बदलावे लागतात, हे समजून घेण्यासाठी शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांना दूर जायला नको. उसाच्या हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या टायरगाड्या त्यांनी पाहिलेल्या असतात. लाकडी चाक आणि लोखंडी धाव यांच्या जागी हवा भरलेले टायर आले, ही एक प्रकारे दोन संचांची जोडणीच. टायरमुळे गाडी हलकी चालू लागली, म्हणून ओझे वाढले. ओझे वाढले म्हणून आस अधिक भक्कम लागला. उतारावर भरलेली गाडी बैलांवर लोटू लागते, म्हणून ती आवरण्याची सोयही अधिक चांगली हवी.

याच गाडीत ऊस मागच्या बाजूला जास्त भरला तर काय होते? मागचा भाग खाली बसतो, जू वर उचलले जाते. गाडी 'उलाळ' झाली असे आपण म्हणतो. विमानही असेच उलाळ होते. त्याचा गुरुत्वमध्य फार मागे गेला की नाक वर उचलले जाते, वेग घटतो आणि विमान कोसळते. सरळ पंख आणि मागे शेपूट असलेल्या साध्या विमानात गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक-तृतीयांश भागावर ठेवतात.

आपल्या २४ ग्रॅमच्या विमानाला आपण मागच्या बाजूला प्रत्येकी २ ग्रॅमची दोन जादा इंजिने जोडली असे समजा. ती गुरुत्वमध्याच्या ६ सेंटिमीटर मागे आहेत. त्यांचे आघूर्ण ४ × ६ = २४ झाले. तोल सावरण्यासाठी ८ सेंटिमीटर पुढे, नाकात, ३ ग्रॅम वजन भरावे लागेल, कारण ३ × ८ = २४. आता एकूण वजन ३१ ग्रॅम झाले. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरील भार पूर्वीइतकाच ठेवायचा तर ५४ ऐवजी सुमारे ७० चौरस सेंटिमीटरचे पंख हवेत. मोठे पंख आले की त्यांचेही वजन वाढणार, आणि हिशेब पुन्हा मांडावा लागणार. विमानाच्या आराखडाकाराचे बरेचसे काम म्हणजे हेच चक्र कोठे थांबवायचे ते ठरवणे.

खरोखरची जोड-विमाने

निरनिराळ्या विमानांचे भाग एकत्र करण्याचे प्रयोग खऱ्या विमानांवरही झाले आहेत. १९४१ साली चीनमध्ये जपानी हल्ल्यात एका डीसी-३ प्रवासी विमानाचा उजवा पंख नष्ट झाला. त्याच प्रकारचा पंख उपलब्ध नव्हता. होता तो आधीच्या, लहान डीसी-२ विमानाचा. हा पंख दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून आणला गेला. तो सुमारे दीड मीटर आखूड होता. तरीही तो जोडून विमान उडवले गेले, आणि गमतीने त्याचे नाव 'डीसी-अडीच' पडले. पंखाची जोडणी दोन्ही विमानांत जवळपास सारखी असल्यामुळेच हे शक्य झाले.

अमेरिकेतील एक्स-२९ हे प्रायोगिक विमान १४ डिसेंबर १९८४ रोजी प्रथम उडाले. त्याच्या धडाचा पुढचा भाग एफ-५ विमानाचा, मुख्य चाके एफ-१६ विमानाची आणि पंख नवे, पुढच्या दिशेला झुकलेले होते. हे विमान मुळातच इतके अस्थिर होते की संगणक दर सेकंदाला सुमारे ४० वेळा दुरुस्त्या करी, तेव्हा ते सरळ उडे. म्हणजे तोलाचा प्रश्न टाळता आला नाही. तो सोडवण्याचे काम संगणकावर सोपवले गेले.

मरुतचे 'जर'

आपल्या देशाच्या विमानविद्येतील एक मोठे 'जर' मरुतचेच आहे. जर्मन आराखडाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली हे विमान आखले गेले आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले. आराखडा ध्वनीच्या दुप्पट वेगाचा होता. त्यासाठी ब्रिटनचे ऑर्फियस-१२ इंजिन गृहीत धरले होते. इंधन पुन्हा जाळण्याच्या सोयीसह त्याचा रेटा सुमारे ३,७०० किलोग्रॅम असणार होता. ब्रिटनला त्या इंजिनाची गरज उरली नाही, आणि त्याच्या विकासाचा खर्च भारताने उचलला नाही. शेवटी सुमारे २,२०० किलोग्रॅम रेट्याची दोन ऑर्फियस-७०३ इंजिने बसवावी लागली. विमान चपळ आणि मजबूत ठरले, १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर लढले. परंतु समतल उड्डाणात ते ध्वनीच्या वेगाच्या आसपासच राहिले.

दुसरी इंजिने बसवण्याचे प्रयत्न झाले. १९६७ साली इजिप्तमध्ये एका मरुतवर तेथील ई-३०० इंजिनाच्या चाचण्या घेतल्या गेल्या. पण ज्या इजिप्शियन विमानासाठी ते इंजिन होते, तो प्रकल्पच १९६९ साली बंद झाला. भारतात आहे त्याच इंजिनाचा रेटा वाढवून सुधारित मरुत तयार केले गेले. त्याचे उड्डाण करताना १० जानेवारी १९७० रोजी ग्रुप कॅप्टन सुरंजन दास अपघातात मरण पावले. प्रतिकृतीत इंजिन बदलायला पाच मिनिटे पुरतात. खऱ्या विमानात त्या बदलाची परीक्षा माणसाला आपला जीव पणाला लावून द्यावी लागते. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे. एकूण १४७ मरुत विमाने तयार झाली आणि १९९० पर्यंत ती हवाई दलातून निवृत्त झाली.

वर्गात करून पाहण्यासाठी

तयार संच महाग असतात, आणि शिरूर-दौंडसारख्या गावांत ते सहज मिळतील असे नाही. त्यावाचून अडण्याचे कारण नाही. जत्रेतील मोडकी खेळण्यातली विमाने, पुठ्ठा, थर्माकोल, रिकाम्या रिफिली, आइसक्रीमच्या काड्या पुरेशा आहेत. एक काळजी घ्यावी. प्लॅस्टिकचे संच बहुधा पॉलिस्टायरिनचे असतात. त्यांचा खास डिंक पृष्ठभाग विरघळवून भाग एकजीव करतो. थर्माकोल हेही फुगवलेले पॉलिस्टायरिनच असल्याने त्या डिंकाने ते विरघळून जाते. त्याला पाण्यात मिसळणारा पांढरा डिंक वापरावा. द्रावकाचा डिंक खिडक्या उघड्या ठेवूनच वापरावा आणि पाते शिक्षकांच्या देखरेखीखाली चालवावे.

चार-चार विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येक गटाने आधी एका वाक्यात आपला 'जर' लिहावा. उदाहरणार्थ, 'मरुतला हवे ते इंजिन मिळाले असते तर', किंवा 'शिरूरहून दौंडला रुग्ण नेण्यासाठी शेताएवढ्या जागेत उतरणारे विमान हवे असते तर'. मग माप ठरवावे, पंखांचे क्षेत्रफळ आलेख-कागदावर मोजावे, विमान दोन बोटांच्या टोकांवर तोलून गुरुत्वमध्य शोधावा आणि बदललेल्या प्रत्येक भागामुळे आणखी काय बदलावे लागले त्याची नोंद करावी. गुण विमानाच्या सफाईला कमी आणि या नोंदीला जास्त द्यावेत.

प्रत्येक विमानाखाली 'काल्पनिक' अशी पाटी लावावी. ही पाटी महत्त्वाची आहे. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने प्राचीन काळी खरोखर उडत होती, असा दावा अनेकदा केला जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्यातील वर्णने आणि आकृत्या आपण वर पाहिल्या तशाच कसोट्यांवर, म्हणजे आकार, वजन आणि शक्ती यांच्या हिशेबाने तपासल्या. ही विमाने उडू शकणार नाहीत आणि ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कल्पना करणे हा दोष नव्हे. तिला तपासणीशिवाय इतिहास म्हणणे हा दोष आहे.

शेवटी गटांना तीन प्रश्न द्यावेत. १:४८ मापाच्या संचातील पंख १:७२ मापाच्या धडाला लावले तर पंखांचे क्षेत्रफळ किती पट होईल? नाकात वजन न भरता उलाळ विमान सावरण्याचे आणखी कोणते मार्ग आहेत? आणि मरुतला अधिक जड इंजिन मिळाले असते, तर त्याच्या पंखांचे, चाकांचे आणि इंधनाच्या टाक्यांचे काय करावे लागले असते? पहिल्याचे उत्तर एकच आहे. उरलेल्या दोहोंची उत्तरे गटागणिक वेगळी येतील, आणि प्रत्येक गटाने आपले उत्तर हिशेबाने पटवून द्यावे.