जालन्याची चर्ची सरहद्द आखणारे पोप
(पोपपदाची कुळकथा : भाग 7)

मागच्या भागातले नववे पायस साडेएकतीस वर्षं गादीवर राहिले आणि गादीखालचं राज्य मात्र गमावून बसले. 1870 मध्ये इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि पायस व्हॅटिकनमध्ये स्वतःला कोंडून घेऊन बसले. फेब्रुवारी 1878 मध्ये कार्डिनलांनी त्यांच्या जागी जोआक्किनो पेच्ची यांना निवडलं, तेव्हा त्यांना अडुसष्टावं संपायला दहा दिवस होते. प्रकृती तोळामासा. चार-दोन वर्षं निभावून नेतील, एवढीच लोकांची अटकळ. हे तेरावे लिओ पंचवीस वर्षं टिकले आणि त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. कोकाची पानं घातलेली एक फ्रेंच वाइन त्यांच्या विशेष आवडीची. तिच्या उत्पादकाला त्यांनी सुवर्णपदकच देऊन टाकलं. पुढे त्या वाइनच्या जाहिरातीत खुद्द पोपचं चित्र झळकलं!

या पंचवीस वर्षांत त्यांनी व्हॅटिकनबाहेर पाऊल टाकलं नाही. पण बसल्या जागेवरून त्यांनी हिंदुस्थानचा एक जुनाट तंटा बऱ्याच अंशी मिटवला. पोर्तुगालच्या राजाला पूर्वीच्या पोपांनी पूर्वेकडच्या चर्चवर हक्क बहाल केले होते. पोर्तुगालची ताकद आटली, हक्क सुटेना. रोम आपले प्रतिनिधी थेट पाठवू लागलं आणि एकाच गावात दोन धनी झाले. मुंबईत तर 1794 पासून काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपांकडे आणि काही रोमच्या प्रतिनिधीकडे. लग्न कुणी लावायचं, चर्चची किल्ली कुणाकडे राहायची, यावरून शेजारी एकमेकांचं तोंड पाहीनात. जून 1886 मध्ये लिओंनी पोर्तुगालशी करार केला आणि 1 सप्टेंबरला फर्मान काढून हिंदुस्थानभर रीतसर बिशपांची व्यवस्था लावली. पुढच्याच वर्षी नागपूर धर्मप्रांत झाला.

आता नकाशा पाहा. मध्य प्रांत आणि वऱ्हाड नागपूरकडे जाणं समजण्यासारखं आहे. पण निजामाच्या मुलखातला गोदावरीच्या उत्तरेचा पट्टाही तिकडेच गेला आणि जालना त्यातच येतं. म्हणजे सारा भरायचा निजामाला आणि बिशप नागपूरचे! राजकीय सरहद्दींशी चर्चच्या सरहद्दी जुळाव्यात असा आग्रह रोमने इथे धरला नाही, आणि माझ्या मते ते शहाणपणाचंच होतं.

अर्थात जालन्यात ख्रिस्ती म्हटलं की जुन्या माणसांना आधी आठवतात ते रेव्हरंड नारायण शेषाद्री आणि त्यांनी वसवलेलं बेथेल. तो फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा, म्हणजे प्रॉटेस्टंट वारसा. तिथे पोपचा शब्द चालत नाही. त्यामुळे या लेखमालेतल्या फर्मानांशी शहरातल्या अनेक ख्रिस्ती घरांचा काही संबंध नाही, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

कॅथलिकांच्या वाटण्या पुढेही होत राहिल्या. 1955 मध्ये बाराव्या पायस यांनी नागपुरातून अमरावती वेगळी काढली. 17 डिसेंबर 1977 रोजी सहाव्या पॉल यांनी अमरावतीतून औरंगाबाद काढलं आणि डॉमिनिक आब्रेओ पहिले बिशप झाले. जालना आलं औरंगाबादकडे. या नव्या धर्मप्रांताचं पहिलं वर्ष सरायच्या आत रोममध्ये तीन पोप झाले: ऑगस्ट 1978 मध्ये पॉल वारले, पहिले जॉन पॉल अवघे 33 दिवस टिकले आणि ऑक्टोबरमध्ये दुसरे जॉन पॉल आले. औरंगाबादच्या बिशपांना मात्र यामुळे नवं फर्मान लागलं नाही. पोप गेला तरी त्याने नेमलेले बिशप आपापल्या जागी राहतात. रिकामी होतात ती रोममधली बहुतेक वरिष्ठ पदं. आणि गंमत म्हणजे जालना जिल्हाच तेव्हा व्हायचा होता. तो झाला 1 मे 1981 रोजी.

लिओंचं नाव आज पुन्हा कानावर येतं ते वेगळ्याच कारणाने. 8 मे 2025 रोजी निवडून आलेल्या पोपांनी चौदावे लिओ हे नाव घेतलं, आणि त्याचं मुख्य कारण सांगितलं ते तेराव्या लिओंचं 1891 चं मजुरांविषयीचं परिपत्रक. कारखानदार आणि कामगार या दोघांनाही त्यात खडे बोल आहेत. ते पुढच्या आठवड्यात.